अर्ध्या मैलाची भिंत

आपल्या कंपाउंड वॉलवर चित्रं काढायचं ठरतंय, म्हणून ही माहिती. लॉस एंजेलिसमध्ये पुराच्या नाल्याच्या काँक्रीट भिंतीवर चित्रकर्ती जूडी बाका यांनी १९७६ ते १९८३ दरम्यान पाच उन्हाळ्यांत सुमारे अर्धा मैल लांब चित्र करवून घेतलं. रंगवणारी चारशेहून अधिक मुलं. निरनिराळ्या समाजांची, काही तर पोलिसांच्या हाती लागलेली. कामाचे पैसे मिळत (बँकवाल्याला हे आधी दिसणारच!). चित्रात पाठ्यपुस्तकांनी वगळलेला कॅलिफोर्नियाचा इतिहास आला: मूळ रहिवासी, रेल्वे बांधणारे चिनी मजूर, युद्धकाळात छावण्यांत डांबलेले जपानी वंशाचे नागरिक. माझं म्हणणं एवढंच, आपल्या मुलांबरोबर वॉचमनच्या आणि कामवाल्या मावशींच्या मुलांनाही ब्रश द्यावा. गेटजवळचा भाग तर त्यांनाच द्या.