राळेगण सिद्धी : लोकसंख्या
राळेगण सिद्धी हे अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यातील अवर्षणप्रवण गाव. २००१ च्या जनगणनेनुसार येथे ३९४ कुटुंबे व २,३०६ रहिवासी होते. म्हणजे दर कुटुंबामागे सरासरी सुमारे ६ माणसे. त्यांत पुरुष १,२६५ व स्त्रिया १,०४१. दर हजार पुरुषांमागे जेमतेम ८२३ स्त्रिया, ही तफावत चिंतेची होती. एकेकाळी खरीप बुडाला की माणसे मजुरीसाठी गाव सोडत. १९७५ मध्ये समाजसेवक अण्णा हजारे गावी परतले. त्यांच्या पुढाकाराने संत यादवबाबा मंदिराच्या जीर्णोद्धारापासून ग्रामसुधारणेला सुरुवात झाली. नालाबांध व पाझर तलावांमुळे विहिरींना पाणी आले, शिवारातच काम मिळू लागले आणि स्थलांतर ओसरले. शेती व दुग्धव्यवसाय हे उपजीविकेचे प्रमुख आधार आहेत.