एकच डोंगर, पंधरा छायाचित्रे

तरही मुशायरा हा प्रकार आपल्यापैकी काहींनी पाहिला असेल, पुष्कळांनी ऐकला असेल. मुशायऱ्याआधी सगळ्या शायरांना एकच ओळ दिली जाते. तिला 'तरह' म्हणतात. त्या ओळीचे वृत्त, तिचा काफिया आणि रदीफ सांभाळून प्रत्येकाने आपली गझल लिहून आणायची. आपल्याकडच्या समस्यापूर्तीचेच हे भावंड. जमीन एक, पण पंधरा शायर पंधरा वेगळी पिके घेऊन येतात. नवशिक्याला त्या एका संध्याकाळी जे कळते, ते एकट्याने वर्षभर वह्या भरून कळत नाही. कारण आपल्या हातून काय निसटले, हे त्याला शेजारच्याच्या शेरात दिसते.

निसर्गछायाचित्रणाची सामूहिक कार्यशाळा म्हणजे हुबेहूब तरही मुशायरा असतो, असे माझे मत झाले आहे. मी व्यवसायाने छायाचित्रकार नाही. कविता लिहिणारा माणूस आहे. पण हौस म्हणून अशा एका कार्यशाळेला गेलो आणि परत आल्यावर तिचा इतिहास वाचत सुटलो. तो इतिहास मनोरंजक तर आहेच, थोडा अस्वस्थ करणाराही आहे.

आपल्या मुंबईपासूनच सुरुवात करू. फ्रान्समध्ये दागेरच्या शोधाची घोषणा झाली १८३९ साली. त्यानंतर अवघ्या पंधरा वर्षांनी, १८५४ मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. सोसायटीत साहेब मंडळी होती, तसे एतद्देशीयही होते. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्यांतले एक ठळक नाव. पेशाने वैद्य, पण कॅमेऱ्याचा नाद मोठा. सभांमधून सभासद आपापली चित्रे मांडत, कृती सांगत, एकमेकांच्या चुका काढत.

त्या काळी समूहाशिवाय गत्यंतरच नव्हते. ओल्या काचेची पद्धत आली तेव्हा काचेला द्रव लावायचा, ती ओली असतानाच चित्र घ्यायचे आणि सुकायच्या आत धुवायची, असा सगळा खेळ. आपल्या उन्हाळ्यात तर मिनिटांचा हिशेब. म्हणजे डोंगरावर जायचे तर अंधारा तंबू, रसायनांच्या बाटल्या, काचांच्या पेट्या, पाण्याच्या घागरी आणि हे सगळे वाहणारी माणसे बरोबर हवीत. एकट्याचे ते काम नव्हते.

पुढे कॅमेरा हलका झाला आणि छायाचित्रकार एकटा झाला. त्याला पुन्हा समूहात आणले ते अमेरिकेतल्या अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांनी. हे गृहस्थ सॅन फ्रान्सिस्कोचे, जन्म १९०२. लहानपणी पियानो शिकले आणि तोच आपला व्यवसाय होणार, असे त्यांना बरीच वर्षे वाटत होते. १९१६ मध्ये आईवडिलांबरोबर ते कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीच्या खोऱ्यात गेले, तेव्हा हातात कोडॅकचा साधा ब्राउनी कॅमेरा होता. त्या खोऱ्याने त्यांना आयुष्यभर सोडले नाही. १९४० साली 'यू. एस. कॅमेरा' या नियतकालिकाच्या नावाने त्यांनी तिथे पहिली सामूहिक शिकवणी घेतली. सोबतीला एडवर्ड वेस्टन यांच्यासारखा मोठा छायाचित्रकार होता. १९५५ पासून तर दरवर्षी कार्यशाळा होऊ लागल्या आणि १९८१ पर्यंत त्या तिथे चालल्या. आज जगभर डोंगरदऱ्यांत भरणाऱ्या अशा शिबिरांची घडण पाहिली की मला तरी त्यांत याच कार्यशाळांचे वळण दिसते.

तिथे शिकवत काय? कॅमेऱ्याची कळ कशी दाबायची हे नव्हे. अ‍ॅडम्स यांचा आग्रह असे की, चित्र आधी मनात पुरे झाले पाहिजे. याची गोष्ट त्यांच्याच आयुष्यातली आहे. १० एप्रिल १९२७ रोजी ते मित्रमंडळींबरोबर हाफ डोम नावाच्या प्रचंड कड्यासमोरच्या एका सुळक्यावर चढले. बरोबर मोजक्या काचा. कड्यावर ऊन यायची वाट पाहता पाहता शेवटच्या दोनच उरल्या. त्यांतल्या एकीवर पिवळा फिल्टर लावून चित्र घेतले आणि त्याच क्षणी त्यांना जाणवले की, हे नुसते कड्याचे रूप होईल, आपल्याला वाटलेली त्याची जरब यात येणार नाही. मग गडद लाल फिल्टर लावून शेवटची काच वापरली. निळे आकाश जवळजवळ काळे झाले आणि कडा अंगावर आला. डोळ्यांना आकाश तसे दिसत नव्हते. मनाला दिसत होते. हेच चित्र पुढे जगप्रसिद्ध झाले.

दुसरी गोष्ट प्रकाशाच्या मोजमापाची. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक बिचारा भोळा असतो. त्याला समोरचे सगळे मध्यम करडेच वाटते. म्हणून त्याच्यावर विसंबले तर शुभ्र बर्फ मळकट होते आणि आपल्या सह्याद्रीचा पावसात भिजलेला काळा कातळ फिकट राखाडी होतो. अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास यावर एक पद्धत बसवली. निखळ काळ्यापासून निखळ पांढऱ्यापर्यंत अकरा पायऱ्या. मधली पायरी करडी. आणि समोरची कोणती सावली कोणत्या पायरीवर बसवायची, हे यंत्राने नव्हे तर माणसाने ठरवायचे. स्वरांच्या सप्तकासारखेच हे. पियानो शिकलेल्या माणसाला ते सुचावे, यात नवल नाही. निगेटिव्ह म्हणजे स्वरलिपी आणि कागदावरचे चित्र म्हणजे मैफल, असे ते मानत. एकच चीज दोन गवय्ये सारखी गात नाहीत, इतकेच काय, एकच गवई दोनदा सारखी गात नाही, हे आपल्याला सांगायला नको.

आता माझ्या कार्यशाळेविषयी थोडे. काही वर्षांपूर्वी, पावसाळा सरता सरता, मुळशी धरणाच्या काठी दोन दिवसांचे शिबिर होते. आम्ही पंधराजण. एक निवृत्त बँक अधिकारी, एक दाताचे डॉक्टर, शाळेतल्या दोन बाई, कॉलेजची मुले आणि मी. शिकवणारे माझ्याहून वयाने बरेच लहान. मला 'काका' म्हणत आणि माझे फोटो मात्र बिनदिक्कत खोडून काढत. पहाटे अंधारात त्यांनी सगळ्यांना पाण्याच्या कडेला उभे केले आणि म्हणाले, "अर्धा तास कुणी कॅमेरा बाहेर काढायचा नाही. नुसते बघा."

ते अर्धे तास फार लांब वाटले. धुके पाण्यावरून उठत होते. समोरचा डोंगर आधी निळा, मग जांभळा, मग एकदम हिरवा झाला. पहिल्या दहा मिनिटांत मला वाटले, सगळे पाहून झाले. पंधराव्या मिनिटाला कळले की, अजून काहीच पाहिलेले नाही. कवितेतही पहिली सुचलेली ओळ बहुधा दुसऱ्या कुणाची असते. आपली ओळ जरा उशिरा येते.

रात्री पडद्यावर सगळ्यांची चित्रे लावली. तोच डोंगर, तेच पाणी, तीच घटिका. पण बँकवाल्या साहेबांनी डोंगराला चौकटीच्या टोकाला ढकलून सगळी जागा धुक्याला दिली होती. एका बाईंनी डोंगर वगळून नुसते त्याचे पाण्यातले प्रतिबिंब घेतले होते. दाताच्या डॉक्टरांनी काठावरचे वाळके झाड इतक्या बारकाईने टिपले होते की, त्याच्या सालीवरच्या भेगा मोजाव्यात. उस्तादाने शागिर्दाच्या गझलेवर इस्लाह करावी, तसे आमचे गुरुजी एकेका चित्रावर बोलत होते. "ही फांदी कशाला? हे आकाश काही सांगते का? नसेल सांगत तर कापा." आणि मग ते सहज बोलून गेले, "समोरचे दृश्य सगळ्यांचे असते. तुमचे काय असते? तुम्ही कुठे उभे राहिलात आणि काय बाहेर ठेवलेत, एवढेच."

हे वाक्य माझ्या मनात रुतून बसले. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवरच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी पाण्याकडे हात करून सांगितले, "आमच्या आज्याचं घर तिकडं खाली होतं." सांगण्यात तक्रार नव्हती. रस्ता दाखवावा तसा त्यांनी पाण्याचा मधला भाग दाखवला. आमच्या पंधराही चित्रांत तो भाग होता, आणि पंधराही चित्रांत ते घर नव्हते. ते असणार तरी कसे?

मुळशीचा इतिहास शाळेत आपण ओझरता वाचलेला असतो. मुंबईला वीज पुरवण्यासाठी टाटा कंपनीने इथे मुळा नदीवर धरण बांधायला घेतले. घाटमाथ्यावर अडवलेले पाणी पश्चिमेला भिऱ्याकडे सोडायचे आणि त्या उतारावर वीज करायची, अशी योजना. मावळातली पन्नासच्या आसपास गावे त्यात सापडली. १९२१ साली मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा. पांडुरंग महादेव बापट त्यांचे पुढारी झाले आणि याच लढ्याने त्यांना 'सेनापती' ही पदवी दिली. तीन-चार वर्षे लोक झुंजले, तुरुंगात गेले. धरण मात्र झालेच. आज शनिवार-रविवारी पुण्याहून शेकडो लोक त्या पाण्याचे फोटो काढायला जातात. पाणी सुंदर आहे, यात खोटे काही नाही. पण ते सौंदर्य पूर्वी शेत होते.

घरी येऊन मी योसेमिटीविषयी पुन्हा वाचले, तेव्हा तिथेही पाण्याखाली नसले तरी चौकटीबाहेर राहिलेले घर सापडले. १८६१ मध्ये कार्लटन वॉटकिन्स या छायाचित्रकाराने खेचरांवर सामान लादून त्या खोऱ्यात १८ बाय २२ इंचांच्या अजस्र काचांवर चित्रे घेतली. माणसाचा स्पर्शही न झालेली भूमी, अशी ती दिसते. अशा चित्रांचा गाजावाजा झाला आणि १८६४ मध्ये अब्राहम लिंकन यांनी ते खोरे राखून ठेवण्याच्या कायद्यावर सही केली. छायाचित्राने एक अरण्य वाचवायला हातभार लावला, ही मोठीच गोष्ट. पण ती भूमी माणसाच्या स्पर्शाविना नव्हती. तिथे अहवानीची जमात पिढ्यान्‌पिढ्या राहत होती. १८५१ मध्ये मारिपोसा बटालियन नावाच्या सशस्त्र तुकडीने त्यांना हुसकावून लावले. त्यांचा प्रमुख तेनाया. तुकडीतल्या बनेल नावाच्या माणसाने त्याला सांगितले की, या सरोवराला आम्ही तुझे नाव देणार आहोत. तेनाया म्हणाला, त्याला नाव आहे की आधीच. ते नाव होते पायविअॅक. चकाकणाऱ्या खडकांवरून पडलेले. आज नकाशावर 'तेनाया लेक' आहे. ज्याचा मुलूख घेतला, त्याचेच नाव देऊन त्याचा शब्द पुसला. कवी म्हणून मला ही गोष्ट फार लागली.

तर मग निसर्गाचे सुंदर चित्र काढूच नये काय? मला तसे वाटत नाही. याचे उत्तरही मला अ‍ॅडम्स यांच्याच कामात सापडले. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ च्या सरकारी आदेशानंतर, जपानी वंशाच्या एक लाखाहून अधिक लोकांना अमेरिकेने घरेदारे सोडायला लावून छावण्यांत डांबले. त्यांतले बहुतेक अमेरिकेचेच नागरिक होते. कॅलिफोर्नियातल्या मांझानार छावणीत दहा हजारांवर माणसे होती. बंदिवानांना कॅमेरा बाळगायची मनाई. तोयो मियाताके या व्यावसायिक छायाचित्रकाराने एक भिंग लपवून आत नेले आणि लाकडाचा कॅमेरा बनवून घेतला. १९४३ मध्ये अ‍ॅडम्स तिथे गेले. पहाऱ्याचे बुरूज आणि काटेरी तारा दाखवण्याची मुभा नव्हती. एक चित्र त्यांनी बुरुजावर चढून घेतले. त्यात छावणी दिसते, बुरूज दिसत नाही. तिथल्या माणसांचे चेहरे, शेती, वर्गखोल्या त्यांनी टिपल्या आणि १९४४ मध्ये पुस्तक काढले. ऐन युद्धात ते लोकांना रुचले नाही.

त्याच छावणीजवळून त्यांनी एक निसर्गचित्रही घेतले. पुढे दूरवर पसरलेले गोल दगड, वर ढगांतून उतरणारे प्रकाशाचे झोत आणि मागे माउंट विल्यमसनचे शिखर. चित्रात एकही माणूस नाही, एकही तार नाही. पण त्याला नाव दिले 'माउंट विल्यमसन, सिएरा नेवाडा, मांझानारहून'. तो शेवटचा शब्द नसता, तर ते केवळ एक देखणे डोंगराचे चित्र झाले असते. त्या एका शब्दामुळे आपल्याला कळते की, छायाचित्रकाराची पाठ कशाकडे होती.

आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे आणि डोंगरांचे रोज असंख्य फोटो निघतात. ते निघोत. उजेडाची वाट पाहावी, सावलीला तिची पायरी द्यावी, शेजाऱ्याचे चित्र मन लावून बघावे. आणि परत फिरण्याआधी एकदा कॅमेऱ्याकडे पाठ करून मागे पाहावे, तिथे भेटलेल्या माणसाला त्या जागेचे नाव विचारावे. त्याने सांगितलेले नाव चित्राखाली लिहिले, तर चौकटीबाहेर राहिलेले थोडेसे तरी आत येते.