वापरातल्या वास्तूंची राखण: मुंबई वारसा जतन समितीची वाटचाल

पुरातत्त्व कायद्यांनी लेणी, किल्ले, मंदिरे सांभाळली. पण जिथे रोज गाड्या सुटतात, खटले चालतात, पदव्या दिल्या जातात, अशा मुंबईच्या बहुतेक जुन्या वास्तूंना 1990 च्या सुमारासही कायद्याचा आधार नव्हता. पर्यावरण कार्यकर्ते श्याम चैनानी आणि बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अ‍ॅक्शन ग्रुप यांनी त्यासाठी वर्षानुवर्षे चिकाटीने पाठपुरावा केला. वास्तुविशारद, इतिहासाचे अभ्यासक आणि इंटॅक या वारसा जतन संस्थेचे कार्यकर्ते जुन्या वास्तूंच्या याद्या करण्याच्या कामाला लागले. एप्रिल 1995 मध्ये राज्य सरकारने विकास नियंत्रण नियमावलीतील, वारसा वास्तूंसाठीचा नियम 67 लागू केला. देशातली ही अशी पहिलीच नियमावली. सहाशेहून अधिक नोंदींची यादी जाहीर झाली आणि पालिका आयुक्तांना सल्ला देणारी मुंबई वारसा जतन समिती कामाला लागली.

कामाची पद्धत तेव्हाच ठरली: वास्तूंच्या तीन श्रेणी. पहिल्या श्रेणीत, म्हणजे बोरीबंदरच्या स्थानकासारख्या वास्तूंत, मजबुतीसाठी अटळ असेल तेवढाच बदल करता येतो, तोही मूळ रूप न बिघडवता. दुसऱ्या श्रेणीत आतले बदल आणि नवा वापर चालतो, बाहेरच्या बदलांची मात्र कसून छाननी होते. तिसरीत अधिक मोकळीक आहे. सागवानी खिडकी काढून अ‍ॅल्युमिनियमची सरकती खिडकी बसवायची, दर्शनी भिंतीवर एसीचे यंत्र टांगायचे, गच्चीवर पत्र्याची शेड घालायची: सरकारी कार्यालयांनाही या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींचे नकाशे समितीपुढे मांडावे लागतात. समितीचे खरे काम इथेच आहे, कारण इमारतीचे रूप अशाच बदलांनी हळूहळू हरवते.

वाट सोपी नव्हती. 1999 मध्ये तिसऱ्या श्रेणीतल्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतींना समितीच्या परवानगीतून सूट मिळाली आणि जुन्या वस्त्यांवरची पकड सैल झाली. 2012 मध्ये पूरक यादी निघाली तेव्हा दादर-शिवाजी पार्कच्या रहिवाशांनी पुनर्विकास अडेल म्हणून हरकती घेतल्या. ती चिंता खरी होती. जतनाचा खर्च एकट्या मालकाच्या माथी मारून चालत नाही. न वापरता आलेला बांधकामाचा हक्क दुसरीकडे विकू देणारी हस्तांतरणीय विकास हक्काची तरतूद त्यासाठीच आहे.

तरीही कामे उभी राहिली. भायखळ्याचे, पालिकेच्या मालकीचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय इंटॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशनच्या साथीने दुरुस्त झाले. त्याला 2005 मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला आणि 2008 मध्ये ते पुन्हा खुले झाले. 2018 मध्ये ओव्हल मैदानाभोवतीच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तू जागतिक वारसा यादीत गेल्या. त्याच वर्षी आलेल्या नव्या नियमावलीत नियम 67 ची जागा नियम 52 ने घेतली. समितीचे काम आता त्याच नियमानुसार चालते.