तार, वीट आणि शंकू

कुंभाराचा आवा आपण सगळ्यांनी पाहिला किंवा ऐकला आहे. शेणी, पालापाचोळा, लाकूड, आणि जाळाच्या रंगावरून 'आता झालं' म्हणणारी अनुभवी नजर. ती नजर यायला आयुष्य जायचं. विजेच्या भट्टीनं हे काम शहरातल्या खोलीत, एकट्या नवशिक्याच्या हाती दिलं. हे तीन गोष्टींमुळे घडलं. जुनी भट्टी घेताना नेमक्या त्याच तीन गोष्टी तपासायच्या असतात.

पहिली तार. साधी लोखंडी तार हवेत लालभडक तापली की गंजून संपते. प्लॅटिनम टिकतं, पण परवडत नाही. १९०६ साली अल्बर्ट मार्श यांना अमेरिकेत निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूचं पेटंट मिळालं. पुढे स्वीडनमध्ये हान्स फॉन कांत्सो यांनी लोखंड, क्रोमियम आणि अॅल्युमिनियमची तार केली. कांत्सो आणि हाल्स्टाहामर गाव, दोन्ही मिळून नाव पडलं 'कांथल'. तापल्यावर तिच्यावर अॅल्युमिनाचा पातळ थर धरतो, तोच तिचं रक्षण करतो. मात्र एकदा तापलेली ही तार थंडपणी ठिसूळ असते. म्हणून जुन्या भट्टीतलं वेटोळं बोटानं ओढून बघू नका, तुटेल. शिवाय वापरानं तारेचा रोध वाढतो आणि उष्णता घटते. भट्टी वर चढायला फार वेळ घेत असेल, तर आधी तारेवर संशय घ्या.

दुसरी वीट. ही हलकी, सच्छिद्र असते; आतल्या हवेमुळे उष्णता कोंडून राहते. नखानं खरवडली तर भुगा होतो. बारीक तडे चालतात, पण तार बसवण्याची खाच फुटून वेटोळं बाहेर लोंबत असेल, तर दुरुस्तीआधी भट्टी लावू नये.

तिसरा शंकू. वेजवूड यांनी १७८२ साली मातीच्या आकुंचनावरून उष्णता मोजली. १८८६ मध्ये बर्लिनच्या हेर्मान झेगर यांनी ठरावीक उष्णतेला वाकणारे शंकू दिले. १८९६ पासून अमेरिकेत ऑर्टन यांनी ते बनवले. शंकू तापमान आणि वेळ, दोन्हींचा हिशेब एकत्र ठेवतो. त्या अनुभवी नजरेची जागा त्यानं घेतली. म्हणून जुन्या भट्टीचा मीटर काहीही दाखवो, पहिल्या भाजणीत भांडी न ठेवता वर, मध्ये, खाली शंकू ठेवा. कुठला कोपरा थंड राहतो, ते कळेल.

आता वीज. आधी भट्टीवरची पाटी वाचा. सात किलोवॅटची भट्टी २३० व्होल्टवर सुमारे ३० अँपिअर ओढते. घरातला १६ अँपिअरचा सॉकेट ते पेलत नाही. वेगळी लाइन, योग्य ब्रेकर आणि अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. व्होल्टेजही जुळलं पाहिजे. अमेरिकेतली २०८ व्होल्टची भट्टी आपल्या २३० वर लावली, तर शक्ती साधारण २२ टक्क्यांनी वाढते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते. भट्टी भिंतीपासून हातभर दूर ठेवा, खिडकी उघडी ठेवा. माती भाजताना विषारी वायू निघतात.

आव्याच्या धुराचा लोट सगळ्या गावाला दिसायचा, त्यामुळे कुणी ना कुणी लक्ष ठेवून असायचं. विजेच्या भट्टीत ना जाळ दिसतो, ना धुराचा लोट. म्हणून भाजणी संपेपर्यंत तिच्याजवळ कुणीतरी असायलाच हवं.