रेल्वे स्थानकांवर अवतरले ताडोबा
चंद्रपूर आणि बल्लारशाह या रेल्वे स्थानकांच्या भिंतींवर स्थानिक कलावंतांनी ताडोबाचे अरण्य साकारले. पट्टेरी वाघ, अन्य वन्यजीव आणि आदिवासी कलेचे नमुने यांमुळे १९५५ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा लाभलेल्या या जंगलाचे पहिले दर्शन प्रवाशांना फलाटावरच घडू लागले. रेल्वे मंत्रालयाच्या स्थानक सुशोभीकरण स्पर्धेत २०१८ मध्ये या दोन्ही स्थानकांनी दहा लाख रुपयांचा प्रथम पुरस्कार पटकावला; मधुबनी व मदुराई दुसऱ्या स्थानी राहिले. मात्र, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बल्लारशाह-गोंदिया लोहमार्गावर रेल्वेच्या धडकेने वाघाचे तीन बछडे मृत्युमुखी पडले. हा लोहमार्ग वन्यप्राण्यांच्या भ्रमणमार्गातून जातो. त्यामुळे भिंतीवरील वाघाइतकीच रुळांवर येणाऱ्या वाघाचीही काळजी घेणे अगत्याचे ठरते.