सहकारी भूमिकाखेळांतील पात्रवर्गांची परस्परपूरकता : एक ऐतिहासिक विवेचन

१

काही खेळाडूंनी एकत्र बसावे, प्रत्येकाने एकेका काल्पनिक पात्राची भूमिका घ्यावी आणि सर्वांनी मिळून एखाद्या अद्भुतरम्य जगातील संकटांना तोंड द्यावे, असे ज्या खेळांचे स्वरूप असते त्यांस सहकारी भूमिकाखेळ म्हणता येईल. एक खेळाडू सूत्रधार होऊन प्रसंग मांडतो. इतर खेळाडू आपापल्या पात्राने काय करावे हे ठरवितात. खेळास आरंभ होण्यापूर्वी प्रत्येकास एक निवड करावी लागते : आपले पात्र योद्धा असावे, मांत्रिक असावे, पुरोहित असावे की चोर? या प्रकारांस पात्रवर्ग अशी संज्ञा आहे. निवड वरकरणी वैयक्तिक आवडीची असली, तरी वस्तुतः ती इतरांनी काय निवडले आहे यावर अवलंबून राहते. तिघांनी योद्धे घेतले असता चौथ्याने योद्धाच घ्यावा, हे कोणासच रुचत नाही. सर्वांत शेवटी निवड करणाऱ्याच्या वाट्यास बहुधा उरलेला वर्ग येतो. आणि हा उरलेला वर्ग पुष्कळदा जखमा बऱ्या करणाऱ्या पुरोहिताचा असतो.

परस्परपूरक वर्गांची ही व्यवस्था खेळाच्या जनकांनी आरंभीच विचारपूर्वक आखली असावी, असा समज होणे स्वाभाविक आहे. इतिहास मात्र निराळे सांगतो. वर्ग एकेक करून, निरनिराळ्या निमित्तांनी उत्पन्न झाले. त्यांची परस्परपूरकता मागाहून घडली. आणि तिच्यातून उद्भवलेले निवडीचे बंधन सैल करण्यात पुढील काळातील नियमकारांचे बरेचसे श्रम खर्ची पडले. या क्रमाचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२

या खेळांचा उगम अमेरिकेतील युद्धखेळांत आहे. टेबलावर सैनिकांच्या छोट्या प्रतिमा मांडून लढाया खेळण्याचा हा छंद मूलतः प्रतिस्पर्ध्यांचा होता, सहकाऱ्यांचा नव्हे. १९६९ मध्ये मिनेसोटा राज्यात डेव्हिड वेसली यांनी ‘ब्राउनस्टाइन’ नावाचा एक प्रयोग केला. नेपोलियनकालीन एका काल्पनिक जर्मन नगराच्या या खेळात खेळाडूंस सैन्याऐवजी एकेक व्यक्ती देण्यात आली, आणि प्रत्येक व्यक्तीचा हेतू निराळा ठेवण्यात आला. भूमिका भिन्न झाल्या. परंतु त्या परस्परपूरक नव्हत्या, परस्परविरोधी होत्या. १९७१ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरन यांची ‘चेनमेल’ ही मध्ययुगीन युद्धांची नियमावली प्रसिद्ध झाली. तिच्या अद्भुतविषयक पुरवणीत वीर आणि मांत्रिक हे दोन प्रकार आढळतात. पण ते रणांगणावरील मोहरे या नात्यानेच.

वेसली यांच्या मंडळातील डेव्ह आर्नेसन यांनी याच सुमारास ‘ब्लॅकमूर’ या कल्पित प्रदेशात दीर्घकाळ चालणारा खेळ सुरू केला. पुरोहितवर्गाची जन्मकथा येथली आहे. आर्नेसन यांच्या मंडळातून चालत आलेल्या हकीकतीप्रमाणे, एका खेळाडूचे पात्र रक्तपिपासू पिशाच होऊन इतरांस अनावर झाले, तेव्हा त्यास आवर घालण्यासाठी पिशाचांवर अधिकार चालविणाऱ्या धर्मपुरुषाचे पात्र निर्माण करण्यात आले. पुढे जो वर्ग सहकाऱ्यांच्या सेवेचे प्रतीक ठरला, तो अशा रीतीने एका सहखेळाडूच्या प्रतिकारासाठी जन्मास आला, ही गोष्ट लक्षणीय आहे.

गायगॅक्स आणि आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ मध्ये तीन पुस्तिकांच्या रूपाने प्रसिद्ध झाला. त्यात योद्धा, मांत्रिक आणि पुरोहित हे तीनच वर्ग होते. योद्ध्यास सर्व शस्त्रे मोकळी होती; मांत्रिकास खंजिरापलीकडे शस्त्र नव्हते, पण मंत्रविद्या विपुल होती; पुरोहित या दोहोंच्या मधला असून त्यास धारदार शस्त्रे वर्ज्य होती. पहिल्या पायरीवरील पुरोहितास एकही मंत्र येत नसे. दुसऱ्या पायरीपासून मात्र त्यास जखमा भरून काढण्याचा मंत्र उपलब्ध होई, आणि येथेच पुढील सर्व प्रश्नाचे मूळ आहे. केवळ विश्रांतीने जखमा अत्यंत मंद गतीने भरत. सबब ज्या गटात पुरोहित नाही त्या गटास दोनतीन चकमकींनंतर माघार घेण्यावाचून गत्यंतर नसे. शिवाय मंत्र आगाऊ निवडून ठेवावे लागत. जखमांसाठी राखून ठेवलेला मंत्र दुसऱ्या कामी येत नसे. म्हणजे पुरोहिताचे पात्र घेणारा खेळाडू आपली शक्ती इतरांसाठी आधीच गहाण टाकून खेळास बसे.

३

चौथा महत्त्वाचा वर्ग चोराचा. त्याची कल्पना १९७४ मध्ये कॅलिफोर्नियातील खेळाडूंकडून गायगॅक्स यांच्याकडे आली आणि १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीत ती समाविष्ट झाली. कुलपे उघडणे, सापळे निकामी करणे, पावलांचा आवाज न करता चालणे, सावलीत लपणे ही त्याची कौशल्ये. तत्पूर्वी या गोष्टी कोणीही करू पाहत असे आणि सूत्रधार प्रसंग पाहून निर्णय देई. चोरवर्ग आल्यावर या कृती शेकडेवारीने मोजल्या जाऊ लागल्या, आणि नियमांत स्पष्ट निषेध नसतानाही त्या इतरांच्या आवाक्याबाहेरच्या आहेत, असा समज अनेक मंडळांत रूढ झाला.

भाषेच्या अभ्यासकास ही प्रक्रिया परिचित वाटेल. भाषेतील शब्दाचे मूल्य शेजारच्या शब्दांशी असलेल्या भेदातून ठरते, हा सोस्यूर यांचा सिद्धान्त सर्वश्रुत आहे. एखाद्या अर्थक्षेत्रात नवा शब्द शिरला की जुन्या शब्दांचा विस्तार संकोचतो. चोराच्या आगमनाने योद्ध्याची व्याख्या बदलली नाही. परंतु त्याचे मूल्य बदलले. जे काम सर्वांचे होते ते एकाचे झाले, आणि ते एकाचे झाल्यामुळे तो एक अपरिहार्य झाला. १९७५ आणि १९७६ या दोन वर्षांत धर्मवीर, वनरक्षक, भिक्षू, मायावी, द्रुइड, चारण इत्यादी वर्गांची भर पडली; तरी योद्धा, मांत्रिक, पुरोहित आणि चोर हे चतुष्टयच गटरचनेचा आधार राहिले. १९८१ च्या ‘विझर्ड्री’ या संगणकीय खेळात एकटा खेळाडू सहा पात्रांची तुकडी उभारी. तिच्या मूलभूत वर्गांत हेच चौघे आढळतात.

४

संगणकाच्या जाळ्यावरील सामुदायिक खेळांत या व्यवस्थेस अधिक काटेकोर रूप आले. डेन्मार्कमधील कोपनहेगन विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी रचलेला आणि १९९१ मध्ये खुला झालेला ‘डिकूमड’ हा केवळ शब्दांतून चालणारा खेळ तेच चार वर्ग घेऊन आला. १९९९ मधील ‘एव्हरक्वेस्ट’ या खेळाची घडण बरीचशी त्याच परंपरेतील होती. या खेळात शत्रूचे लक्ष स्वतःकडे खेचून प्रहार सोसणारा योद्धा, त्याच्या जखमा भरणारा पुरोहित आणि इतर शत्रूंस मंत्राने निश्चल करणारा मोहक, या त्रयीवाचून कठीण प्रसंगांत निभाव लागत नसे. खेळाडूंनी तिला ‘पवित्र त्रयी’ असे उपहासमिश्रित नाव दिले. २००४ मध्ये आलेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळात त्रयीचा तिसरा घटक पालटून प्रहार करणारा हा झाला.

या काळात खेळाडूंच्या बोलीत एक महत्त्वाचे परिवर्तन घडले. योद्धा, पुरोहित, चोर ही व्यवसायवाचक नामे होत; ती पात्र कोण आहे हे सांगतात. ‘टँक’ आणि ‘हीलर’ ही कार्यवाचक नामे होत. ती पात्र गटासाठी काय करते हे सांगतात. चिलखती रणगाड्याचे नाव माणसास लावणे यात रूपक आहे खरे, पण रूपकाचा आधार कार्य हाच आहे. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ केनेथ पाइक यांनी वाक्यातील स्थान आणि त्या स्थानी येऊ शकणारे शब्द यांत जो भेद केला, तोच भेद खेळाडूंनी व्यवहारात केला असे म्हणता येईल. गटात स्थाने ठराविक. पण एकाच स्थानी अनेक वर्ग बसू शकतात. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ मध्ये द्रुइड प्रहार सोसू शकतो, जखमाही भरू शकतो. निवडीची मोकळीक येथे वाढली; मात्र स्थान रिकामे राहू नये, ही सक्ती कायम राहिली.

५

ही सक्ती सौम्य करण्याचे तीन मार्ग दृष्टोत्पत्तीस येतात.

पहिला मार्ग भार हलका करण्याचा. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २००० मधील तिसऱ्या आवृत्तीने सत्प्रवृत्त पुरोहितास कोणताही आगाऊ निवडलेला मंत्र ऐन वेळी जखमा भरण्याच्या मंत्रात पालटण्याची मुभा दिली. २००८ मधील चौथी आवृत्ती याहून पुढे गेली. तिने रक्षक, प्रहारक, नायक आणि नियंत्रक या चार भूमिका नियमग्रंथातच नमूद केल्या, आणि शक्यतो प्रत्येक भूमिकेचे एक तरी पात्र गटात असावे, अशी शिफारस केली. जे बोलीत होते ते व्याकरणात आले. त्याचबरोबर पुरोहितास एकाच खेपेत प्रहार करून सोबत्यास सावरताही येऊ लागले. ‘वॉरलॉर्ड’ या सेनानायकाच्या वर्गास नायकाच्या स्थानी बसविण्यात आले. आणि प्रत्येक पात्रास स्वतः सावरण्याची थोडी शक्ती मिळाली. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने भूमिकांची ही नावे गाळली, परंतु भार हलका करणाऱ्या तरतुदींचा गाभा राखला.

दुसरा मार्ग मोबदल्याचा. २००९ च्या डिसेंबरात ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ मध्ये अपरिचित खेळाडूंचे पाच जणांचे गट आपोआप जुळविण्याची सोय झाली : एक सोसणारा, एक सावरणारा आणि तीन प्रहार करणारे. पहिल्या दोन स्थानांसाठी माणसे अपुरी पडत. प्रहार करणाऱ्यांस ताटकळत बसावे लागे. २०११ मध्ये चालकांनी टंचाई असलेली भूमिका पत्करणाऱ्यास जादा बक्षीस देऊ केले. जी भूमिका सर्वांस हवी पण घेणारा कोणी नाही, तिचे मोल यामुळे उघडपणे मान्य झाले.

तिसरा मार्ग स्थानेच विसर्जित करण्याचा. २०१२ मधील ‘गिल्ड वॉर्स २’ या खेळात सावरणारा असा स्वतंत्र वर्ग ठेवला नाही. प्रत्येकास स्वतःच्या जखमा भरण्याचे साधन आणि पडलेल्या कोणासही उठविण्याचा अधिकार मिळाला. परंतु २०१५ मध्ये दहा जणांच्या कठीण मोहिमांचा समावेश होताच, इतरांस सावरणारी द्रुइड ही विशेष शाखा वनरक्षकास देण्यात आली. काढून टाकलेले स्थान तीन वर्षांत दुसऱ्या नावाने परत आले.

६

या इतिहासातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. परस्परपूरकता हा वर्गाचा अंगभूत गुण नव्हे, तर कामाच्या वाटपाचा परिणाम होय. जे काम एकाच वर्गाच्या हाती कोंडले जाते, तेथे निवड कर्तव्यात परिणत होते. जे अनेकांस थोडेथोडे करता येते, तेथे ती निवड राहते. दुसरी गोष्ट अशी की, वाटप सर्वस्वी नाहीसे केल्यास सहकार्याचा आशयही विरळ होतो. कारण ज्यास कोणाची उणीव नाही त्यास सोबतीचीही निकड नाही.

नव्याने खेळास बसणाऱ्याने, यास्तव, वर्गांची नावे मोजण्याऐवजी कामे मोजावीत हे इष्ट. प्रहार कोण सोसणार, पडलेल्यास कोण उठविणार, बंद दार कोण उघडणार आणि संख्येने अधिक असलेल्या शत्रूस कोण थोपविणार, एवढ्या प्रश्नांची उत्तरे गटाजवळ असली म्हणजे पुरे. ती एकाच वर्गाने द्यावीत असा नियम आज उरलेला नाही. आणि एखादे काम उरलेच, तर ते शेवटी आलेल्याच्या गळ्यात न घालता सर्वांनी मिळून त्याची वाटणी करणे हेच या खेळांच्या ‘सहकारी’ या विशेषणास साजेसे ठरेल.