बृहन्नडेपासून मित्रापर्यंत

मागे आपल्या वाचनवर्गात विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ वाचावयास घ्यावे, असे मी सुचविले, तेव्हा एक भगिनी हळूच म्हणाल्या, “असले विषय आपल्यात कुठे होते हो?” प्रश्न प्रामाणिक होता. मला त्या वेळी नीट उत्तर देता आले नाही. ते आज या स्मरणिकेच्या निमित्ताने देत आहे.

आपल्यात हे विषय फार पूर्वीपासून आहेत. द्रुपदाच्या घरी कन्या म्हणून जन्मलेल्या शिखंडीने स्थूण यक्षाकडून पुरुषत्व मिळविले, आणि त्याच्यावर भीष्मांनी शस्त्र धरले नाही. अर्जुन बृहन्नडा होऊन विराटाच्या घरी उत्तरेला नृत्य शिकवीत राहिला. कीर्तनात या कथा आपण ऐकल्या, मुलांना सांगितल्या. परंतु शिखंडीच्या मनात काय चालले असेल, हा प्रश्न आपण फारसा विचारला नाही.

पुढे रंगभूमीवर पुरुषच स्त्रीभूमिका करीत. १९११ साली ‘मानापमाना’तील भामिनी आणि १९१९ साली ‘एकच प्याला’तील सिंधू बालगंधर्वांनी उभी केली. त्यांची लुगडे नेसण्याची ढब घरंदाज स्त्रियाही उचलीत. हा अर्थात अभिनय होता. तथापि त्याच अभिनयाला तमाशात वेगळा न्याय मिळे. आनंद यादवांच्या ‘नटरंग’ कादंबरीतील गुणा हा पीळदार अंगाचा शेतमजूर. फड उभा राहावा म्हणून तो नाच्या होतो आणि गावाच्या चेष्टेचा विषय बनतो. गुणा मनाने पुरुषच आहे, केवळ त्याचे हावभाव बायकी. तेवढ्यावरून समाज माणसाला किती छळतो, हे २०१० साली रवी जाधवांच्या चित्रपटाने पुष्कळांना दाखविले.

राजन गवस यांच्या कादंबऱ्यांवरून राजीव पाटील यांनी २००९ साली ‘जोगवा’ केला. त्यातील तायप्पाला देवाच्या नावाने लुगडे नेसवून जोगता केले जाते. उपेंद्र लिमये यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. येथेही वेष लादलेला आहे, आवडीचा नाही. म्हणजे कोठे सोंग, कोठे कला, कोठे सक्ती. ज्याचे मनच वेगळे घडले आहे, असे माणूस या कथांच्या मध्यभागी नव्हते.

ते माणूस १९८१ साली मराठी रंगमंचावर आले. ‘मित्राची गोष्ट’ची नायिका सुमित्रा देव, म्हणजे मित्रा, ही स्वातंत्र्यापूर्वीच्या काळातील महाविद्यालयीन तरुणी. रोहिणी हट्टंगडी यांनी ती भूमिका केली. तिचे प्रेम नमा या मुलीवर जडते आणि तिचा मित्र बापू आपल्याला तिची कहाणी सांगतो. लेखकाने तिला हास्यास्पद केले नाही, खलनायिकाही केले नाही. परंतु मित्रा जगत नाही. बापूची मैत्रीही तिला तारू शकत नाही. ज्या काळाचे ते चित्र आहे, त्या काळात तिला उभे राहावयास जागाच नव्हती.

पंचवीस वर्षांनी, २००६ साली, सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ कादंबरी आली. एका मराठी घरात भाड्याने राहावयास आलेल्या तरुणावर त्या घरातील भाऊ तनय आणि बहीण अनुजा या दोघांचेही प्रेम बसते. दोघांचेही मन मोडते, आणि दोघांच्या दुःखाला लेखक सारखाच मान देतो. चेतन दातार यांच्या ‘एक माधवबाग’ मध्ये तर आईच बोलते. मुलगा समलिंगी आहे हे कळल्यावर आधी हादरणारी आणि मग त्याला समजून घेऊ पाहणारी ती आई आपल्यापैकीच कोणी वाटते. २०१२ साली ‘मी हिजडा, मी लक्ष्मी!’ हे लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे आत्मकथन आले. ते कल्पित नव्हे. ज्यांच्याविषयी इतरांनी लिहावे, ते आता स्वतः बोलू लागले.

कायदाही मागोमाग आला. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी सज्ञान व्यक्तींचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत, असा निकाल दिला. १८६० च्या दंडविधानाची ती भीती एकशे अठ्ठावन्न वर्षांनी सरली.

परंतु न्यायालय घरात येऊन मुलाच्या ताटात वाढीत नाही. ते आपणच करतो. एखाद्या घरचा मुलगा वा मुलगी काही सांगावयास येते, तेव्हा दारात प्रथम आई, मावशी, आत्या किंवा शेजारीण उभी असते. तिने तोंड फिरविले तर मित्राची गोष्ट पुन्हा घडते. तिने “ये, बैस, जेवून घे आधी” एवढे जरी म्हटले, तरी गोष्टीचा शेवट बदलू शकतो. त्या भगिनींना माझे उत्तर इतकेच, की असली माणसे आपल्यात नेहमीच होती. त्यांनी आपल्यापाशी बोलावे, असे आपण किती जणींनी वागून दाखविले, एवढेच पाहावयाचे आहे.